मनाचा सारथी कसा निवडावा?

दाढ दुखू लागली की माणूस चार घरी विचारतो. कोणाचा हात हलका, कोण उगाच दात उपटावयास सांगत नाही, कोणाचे दर माफक, याची साग्रसंगीत चौकशी होते. मुलीसाठी स्थळ पाहावयाचे तर दहा ठिकाणी निरोप जातात. परंतु मन दुखू लागले, रात्रीची झोप उडाली, कशातच जीव लागेनासा झाला, म्हणजे हीच माणसे कोणास काही विचारीत नाहीत. हे दुखणे दुखणेच नव्हे, असे स्वतःला पटवण्यात कित्येक महिने जातात. मग एखाद्या दिवशी सारे असह्य होते, आणि कोठेतरी ओझरत्या ऐकलेल्या नावाच्या पाटीकडे, ओळखीचे कोणी भेटणार नाही अशी वेळ साधून, पावले वळतात. तेथे बसलेली व्यक्ती मानवली तर तो दैवयोग. न मानवली तर 'हे आपल्यासाठी नव्हे' असा निकाल देऊन माणूस घरी परततो. आणि तो निकाल त्या एका व्यक्तीपुरता न राहता साऱ्या उपायावरच बसतो. पुढची कित्येक वर्षे तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. कित्येकांना तेवढी वर्षे मिळतही नाहीत. म्हणून या निवडीचा विचार आम्हांस केवळ सोयीचा वाटत नाही. तो धर्माधर्माचाही आहे असे आम्ही समजतो.

विचारावयाचा प्रश्न असा: मनाच्या दुखण्यात ज्याच्यापुढे हृदय उघडावयाचे, तो समुपदेशक आपल्या पसंतीने निवडण्याचा अधिकार दुखणाइतास आहे काय? आणि 'आपल्याला मानवणारा' म्हणजे नेमका कसा?

त्याआधी एका शंकेचे उत्तर देणे भाग आहे, कारण ती आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात असणार. घरात कुलदेवता आहे, गावात देऊळ आहे, अडीअडचणीला गाऱ्हाणे घालावयास गुरव किंवा भटजी आहेत; मग परक्या माणसापुढे पैसे मोजून रडावयाचे कशाला? शंका भाबडी नाही. परंतु आपल्याच शास्त्राने तिचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, होम, प्रणिपात इत्यादिकांचा तो दैवव्यपाश्रय. आहार व औषध यांच्या योजनेचा तो युक्तिव्यपाश्रय. आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरून धरण्याचा तो सत्त्वावजय. हे तीन एकापुढे एक मांडताना चरकाने त्यांच्यात भांडण लावलेले नाही. देवळात जाणाऱ्याने सत्त्वावजयाकडे पाठ फिरवावी असे त्याला वाटत नव्हते, आणि उलटही नव्हते.

शिवाय गाऱ्हाण्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. गोमंतकात आणि कोकणात गाऱ्हाणे घालताना आपले दुःख आपल्या वतीने दुसरा कोणी बोलतो. आपण हात जोडून उभे असतो. ते बोलणे चारचौघांत होते, म्हणून त्यात जेवढे चारचौघांत सांगण्यासारखे तेवढेच येते. कौल लावावयाचा तर प्रश्न असा घालावा लागतो की ज्याचे उत्तर एक पाकळी उजवीकडे किंवा डावीकडे पडून देऊ शकेल. जमीन विकावी की न विकावी, हे तसे विचारता येते. 'मला माझ्या मुलाचा राग का येतो' हे पाकळीला विचारता येत नाही. ते आपल्याच तोंडाने, आपल्याच शब्दांत, अडखळत, अर्धे मागे घेत सांगावे लागते, आणि ऐकणाऱ्याने उलट प्रश्न विचारावा लागतो. त्यासाठी माणूसच हवा. मग तो माणूस कोण, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचा विचार करताना आमच्या डोळ्यांपुढे वारंवार दोन रथ येतात. दोन्ही एकाच रणांगणावरचे. अर्जुनाने सारथी निवडला तो युद्धाच्या आधी. एका बाजूला नारायणी सेना, दुसऱ्या बाजूला शस्त्र न धरणारा एकटा कृष्ण, अशी निवड होती. अर्जुनाने कृष्ण मागितला, आणि सेना मिळाली म्हणून दुर्योधन हर्षभरित होऊन गेला. ही कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकतो. दुसरा रथ कर्णाचा. त्याच्या सारथ्याची कथा मात्र आपण तितकीशी मनावर घेत नाही. कर्णानेही सारथी निवडलाच होता. अश्वविद्येत मद्रराज शल्य कृष्णापेक्षाही सरस आहे, असा त्याचा हिशेब होता, आणि विद्येपुरता तो खोटा नव्हता. दुर्योधनाने शल्याला कसाबसा राजी केला. शल्याने अट घातली की रथावर बसून मी मला वाटेल ते बोलेन; कर्णाने ते सोसावे. कर्णाने अट मान्य केली. त्याला हे ठाऊक नव्हते की युद्धापूर्वीच शल्याने युधिष्ठिराला वचन दिले होते: कर्णाचे सारथ्य माझ्याकडे आले, तर मी बोलून बोलून त्याचे तेज हरण करीन. सतराव्या दिवशी त्याने ते वचन पाळले. हंसाशी उडण्याची पैज लावणाऱ्या उष्ट्यावरच्या कावळ्याची गोष्ट त्याने कर्णाला ऐकवली ती ऐन रणात.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की गोड बोलणारा सारथी चांगला आणि कडू बोलणारा वाईट. तसे मुळीच नाही. अर्जुनाने धनुष्य टाकले तेव्हा कृष्णाचे पहिले शब्दही बोचरेच होते. भेद शब्दांच्या चवीत नव्हता. कृष्णाने दुसऱ्या कोणाला अर्जुनाविषयी गुप्त वचन दिलेले नव्हते, हा पहिला भेद. दुसरा आम्हांस याहूनही महत्त्वाचा वाटतो. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन कृष्णाकडे चक्क तक्रार करतो, की तुझे बोलणे संदिग्ध आहे आणि तू माझी बुद्धी गोंधळात टाकतो आहेस. एक काय ते निश्चित सांग. पाचव्या अध्यायाच्या आरंभी हीच तक्रार पुन्हा. शिष्य म्हणून शरण आलेला माणूस आपल्या उपदेशकाला दोनदा सांगतो की तुझे मला कळले नाही, आणि उपदेशक न रागावता पुन्हा पहिल्यापासून समजावतो. अठराव्या अध्यायात सारे सांगून झाल्यावर तो म्हणतो की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसे कर. लगाम ज्याच्या हाती होते त्याने निर्णय अर्जुनाकडेच ठेवला. कर्णाच्या रथावर मात्र दोघांचे सतत भांडण चालले होते, आणि तरीही कर्णाला उतरता येत नव्हते.

म्हणून आमच्या मते मानवणाऱ्या समुपदेशकाची पहिली खूण ही, की त्याला 'तुमचे म्हणणे मला पटले नाही' असे सांगण्याचे धैर्य आपल्याला होते. पहिल्याच भेटीत होईल असे नाही. तीन-चार भेटी द्याव्यात. परंतु चार भेटींनंतरही आपण केवळ माना डोलावीत असू, घरी येऊन बायकोला किंवा बहिणीला 'ते काही खरे नाही' असे सांगत असू आणि तेथे मात्र 'हो हो' म्हणत असू, तर काहीतरी चुकते आहे. आपल्या लोकांत भीड फार. डॉक्टर, मास्तर, पुरोहित यांच्यापुढे उलट बोलणे असभ्यपणाचे, असे वळण आपल्याला लहानपणापासून लागलेले असते. अन्य ठिकाणी ते शोभते. येथे त्याने उपचारच अडतो. रोग्याच्या अंगी असाव्या अशा चार गुणांत चरकाने ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होते ते सांगता येण्याची शक्ती, मोजली आहे. भीड ही त्या गुणाची वैरीण. जो समुपदेशक आपली भीड हळूहळू मोडतो तो आपला. जो ती वाढवतो त्याची विद्या कितीही मोठी असो, ती आपल्या उपयोगाची नाही.

आता शल्याच्या वचनाकडे पुन्हा वळू, कारण आजच्या घरांत त्याचे रूप फार साधे आणि फार व्यापक आहे. फी कोण देतो? मुलाला बाप घेऊन येतो, सुनेला सासू पाठवते, नवऱ्याला बायको बळेच आणते. आणणाऱ्याच्या मनात बहुधा एक अपेक्षा असते: मुलाने तो नाद सोडावा, सुनेने वेगळे घर मागू नये, नवऱ्याने दारू सोडावी. अपेक्षा रास्तही असेल. परंतु समोर बसलेल्या समुपदेशकाने ती अपेक्षा पुरी करण्याचा शब्द आधीच आणणाऱ्याला दिला असेल, तर रथावर शल्य बसला असे समजावे. एखाद्या सुनेने तासभर मन मोकळे करावे आणि संध्याकाळी त्यातलेच वाक्य सासूच्या तोंडून ऐकावे, यासारखा विश्वासघात नाही. ती पुन्हा कोणापुढेही तोंड उघडणार नाही. म्हणून पहिल्या भेटीत, कितीही अवघड वाटले तरी, सरळ विचारावे: मी येथे बोलेन ते कोणाकोणाला कळेल? प्रामाणिक माणूस याचे उत्तर स्पष्ट देतो, आणि अपवादही सांगतो. कोणाच्या जीवावर बेतत असेल किंवा न्यायालयाची आज्ञा असेल तर मौन पाळता येत नाही, हे तो लपवीत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने गुप्ततेचा हा हक्क दुखणाइताला दिला आहे आणि त्याचे मोजके अपवादही नमूद केले आहेत. तेव्हा हे विचारणे उद्धटपणाचे नाही. या प्रश्नाने जो दुखावतो, त्याच्याकडे पुन्हा जाण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण निवडीचा अधिकार म्हटला की त्याचा दुरुपयोगही आलाच. मराठीत दोन क्रियापदे आहेत: रुचणे आणि मानवणे. काढा रुचत नाही, पण मानवतो. मिष्टान्न रुचते, पण मधुमेह्याला मानवत नाही. कठोपनिषदातील यमाने नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय असा जो भेद सांगितला, तो या दोन घरगुती शब्दांत आपली आजी रोज वापरीत असते. ज्याच्याकडून उठताना दर वेळी आपणच बरोबर आणि बाकी जग चूक असे वाटते, तो समुपदेशक रुचणारा आहे. मानवणारा असेलच असे नाही. याउलट एखादा प्रश्न जिव्हारी लागला, दोन दिवस राग आला, म्हणून लगेच दुसरा शोधू लागणे हेही बरे नव्हे. दर चार भेटींनी समुपदेशक बदलणारा माणूस बहुधा एकाच वाक्यापासून पळत असतो. ते वाक्य पाचव्या माणसाकडेही त्याची वाट पाहत बसलेले असते. मग ओळखावे कसे? रागाचे कारण शोधावे. त्याने आपला अपमान केला म्हणून राग आला, की जे आपल्याला ठाऊक होते तेच त्याने बोलून दाखवले म्हणून? पहिल्या रागाने निघून जावे. दुसऱ्या रागाची गोष्ट पुढच्या भेटीत त्यालाच सांगावी.

समोरच्याशी जुळणे एवढे महत्त्वाचे का, याचे उत्तर एका गोमंतकीयाने दोनशे वर्षांपूर्वीच सुचवले होते. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले आबे फारिया १८१३ साली पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करीत होते. त्या काळी समजूत अशी होती, की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय द्रव वाहतो आणि तो रोग्यावर काम करतो. फारियांनी ती नाकारली. जे घडते त्याचे कारण करणाऱ्याच्या हातात नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या मनात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे: दोन्ही हात पसरलेले, आणि पुढे कोसळणारी स्त्री. पुतळा फार देखणा आहे. मात्र त्या हातांकडे पाहून सारी शक्ती हातांतच आहे असा समज होतो, आणि तो तर त्यांच्याच मताविरुद्ध!

अलीकडच्या मानसशास्त्रानेही हेच निराळ्या वाटेने गाठले. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ साली असे मांडले, की उपचाराचा पाया तीन गोष्टींवर असतो: साध्य काय याविषयी दोघांचे एकमत, ते कोणत्या कामांनी साधावयाचे याविषयी एकमत, आणि दोघांमधील विश्वासाचा बंध. हॉर्व्हाथ आणि सायमंड्स यांनी १९९१ साली चोवीस अभ्यास एकत्र करून पाहिले. या जुळण्याचा आणि बरे वाटण्याचा संबंध मध्यम स्वरूपाचा, पण सातत्याने दिसणारा निघाला. विशेष हे, की संबंध चांगला जुळला आहे असे उपचारकाला वाटते की नाही, यापेक्षा दुखणाइताला तसे वाटते की नाही, यावरून परिणामाचा अंदाज अधिक बरा बांधता आला. ज्याच्या मतास आपण या व्यवहारात गौण समजतो, त्याचेच मत अधिक भरवशाचे ठरले.

भाषेचा मुद्दा आमच्या वाचकांना इतरांहून अधिक जवळचा. गोव्यातला माणूस घरात कोकणी बोलतो, कीर्तन आणि वर्तमानपत्र मराठीत ऐकतो-वाचतो, कचेरीत इंग्रजी लिहितो. बेळगावात कानडी आहे, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, बडोद्याला गुजराती. हिशेब कोणत्याही भाषेत सांगता येतो. परंतु 'मन खाते', 'जीव खालीवर होतो', 'घर खायला उठते' याला दुसऱ्या भाषेत जे म्हणावे लागते ते वैद्यकीय दाखल्यासारखे कोरडे उतरते. ज्या भाषेत आपण स्वतःशी भांडतो, त्या भाषेचा समुपदेशक मिळत असेल तर थोडा प्रवास करूनही गाठावा. मात्र येथे एक पेच आहे. आपल्या भाषेचा, आपल्या समाजाचा माणूस मिळाला, की तो बहुधा कोणाचा तरी मेहुणा किंवा त्याच देवस्थानाचा महाजन निघतो. लहान समाजात हे अटळच. सुतक, कुळाचार, एकत्र कुटुंबातली हिस्सेवाटणी हे त्याला समजावून सांगावे लागत नाही, हा लाभ खरा. आणि पुढच्या जत्रेत तो पालखीच्या मागे आपल्याच रांगेत उभा असेल, हा संकोचही खरा. आमचा कल असा, की ज्याची गाठ लग्नकार्यात पडणार त्याच्याकडे जाऊ नये. भाषेचा असावा, गोतातला नसावा. दोन्ही साधत नसेल तर भाषेत थोडी तडजोड करावी, गोताच्या बाबतीत करू नये. ज्यांचे मत याहून निराळे असेल त्यांच्याशी आमचा वाद नाही.

श्रद्धेविषयी थोडक्यात. आपण नवस फेडावयास जातो हे ऐकून जो हसतो, त्याला आपल्या आयुष्याचा अर्धा भाग दिसणार नाही. आणि जो समुपदेशनाच्या खोलीतच ग्रहांची शांत सांगतो, खडा सुचवतो, तो दुसऱ्याचे काम आपल्या फीत उरकू पाहतो. समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात करामती दाखवणाऱ्यांना सद्गुरूंपासून वेगळे काढले आहे. तीच चाळणी येथेही लावावी.

पाट्यांचा अर्थ मात्र समजून घेतला पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर. औषध तोच लिहू शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंद १९९२ च्या अधिनियमानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि ती आहे का हे विचारता येते. समुपदेशक ही पाटी मात्र आजवर फार सैलपणे वापरली गेली. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायालाही नियमनाच्या कक्षेत घेतले आहे. तथापि शिक्षण कोठे झाले, किती वर्षे काम केले, आपल्यासारख्या अडचणीची माणसे पाहिली आहेत काय, हे प्रत्यक्ष विचारण्यास पर्याय नाही. चरकाने वैद्याचे जे गुण मोजले त्यांत शास्त्राचे निर्मळ ज्ञान आणि पुष्कळदा पाहिलेले कर्म हे दोन्ही आहेत. पदवीच सर्व काही नव्हे, याचा दाखला गोव्यातच आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने येथील आरोग्यकेंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून, खिन्नतेच्या रोग्यांशी सहा ते आठ भेटी बोलण्याचे काम दिले. १० केंद्रांतील ४९५ रोग्यांच्या या चाचणीचा अनुकूल निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आला. परंतु ती माणसे शिकवलेली होती आणि त्यांच्या कामावर जाणत्यांची देखरेख होती, हे विसरून कोणी गावच्या वडीलधाऱ्याच्या ओट्यालाच समुपदेशन समजू नये.

या साऱ्या निवडीला वेळ लागतो, आणि काही दुखणी वेळ देत नाहीत. जीव नकोसा झाला असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, दिवसेंदिवस अन्न आणि झोप सुटली असेल, तर मानवणारा कोण याची चिकित्सा करीत बसू नये. बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था, धारवाडची संस्था, ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा, जे जवळ असेल तेथे त्याच दिवशी जावे. १४४१६ हा केंद्र शासनाचा विनामूल्य दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून याच कामासाठी आहे. निवड नंतर करता येते.

राहता राहिली सोडून जाण्याची गोष्ट. तीच पुष्कळांना जड जाते. गुरू सोडू नये, हा संस्कार आपल्यात खोल आहे, आणि समुपदेशकाला नकळत गुरूच्या आसनावर बसवले जाते. ते आसन त्याचे नव्हे. तो फी घेऊन ठरावीक काळ आपल्या उपयोगी पडणारा जाणता माणूस आहे. त्याला आपण दीक्षेचे ऋण लागत नाही. आणि गुरूंविषयीच बोलावयाचे तर अवधूताने चोवीस गुरू केल्याची कथा भागवतात आहेच, व दत्तसंप्रदायाला तिच्यात काही वावगे वाटलेले नाही. मात्र जाणे गुपचूप असू नये. फोन न उचलता नाहीसे होणे ही भिडेचीच दुसरी बाजू. 'येथे मला हवे तसे बोलता येत नाही, म्हणून मी दुसरीकडे जातो' एवढे एक वाक्य सांगावे. चांगला माणूस त्यावर कारण विचारील, कदाचित दुसरे नावही सुचवील. आणि क्वचित असेही होते, की ते वाक्य बोलता आले म्हणूनच दोघांत प्रथम खरे बोलणे सुरू होते. तसे न झाले तर आपल्या नोंदी मागून घ्याव्यात. तोही हक्क २०१७ च्या अधिनियमात आहे. त्या हाती असल्या म्हणजे नव्या ठिकाणी सारे मुळापासून सांगावे लागत नाही, आणि सांगावे लागलेच, तर दुसऱ्या वेळी ते पहिल्याइतके अवघड जात नाही.